त्रिएस्तेचा ऱ्हास, पाच मुद्द्यांत

अमेरिकेत ॲन आर्बरला नगररचनेत मास्टर्स करत होतो, तेव्हा दुसऱ्या सेमिस्टरच्या सेमिनारमध्ये मला त्रिएस्ते हे शहर अभ्यासाला मिळालं. सेमिनार घेणाऱ्या बाईंकडे पीएचडीची एकच जागा होती. ती मला हवी होती. तुमचं काम बघून ठरवेन, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्रिएस्ते इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातलं बंदर. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या सम्राटाने तिथली जकात उठवली आणि त्या लहानशा गावात देशोदेशीचे व्यापारी येऊन राहिले. पुढे व्हिएन्नाहून रेल्वे आली, जहाज कंपन्या, विमा कंपन्या आल्या. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य मोडलं आणि शहर इटलीला मिळालं. इटलीला बंदरांची काय कमतरता? ज्या मुलखाचा माल इथून जायचा, तो मुलूख आता सीमेपलीकडे राहिला.

मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. इतिहासाचं उत्तर म्हणजे उदय, भरभराट आणि ऱ्हास, हे हाडात भिनलेलं. प्रत्येकाची कारणं मुद्देसूद लिहायची आणि उत्तराखाली रेघ मारायची. ज्या शिक्षकांनी हे घोटून घेतलं, त्यांच्यामुळेच मी इथवर आलो. त्रिएस्तेही तसंच मांडलं. शेवटच्या स्लाइडवर ऱ्हासाची पाच कारणं होती.

“आणि मग?” बाईंनी विचारलं.

“मग ऱ्हास झाला.”

“आणि लोक? ते कुठे गेले?”

मला वाटलं, बाई स्थलांतराचा आकडा मागतायत. म्हणालो, बघून सांगतो.

“तिथे आजही दोन लाखांच्या आसपास माणसं राहतात,” बाई म्हणाल्या. “ती सकाळी उठून काय करतात, ते सांगा. दोन आठवड्यांनी पुन्हा मांडा.”

माझा रूममेट नागपूरचा. त्याला सांगितलं तर म्हणाला, “अख्खं शहर मारून टाकलं बे तू. वरून रेघ ओढली.”

लायब्ररीत पुस्तकं भरपूर होती, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. त्या रविवारी घरी फोन केला. आमचं जुन्या हायवेवर चहा-मिसळीचं हॉटेल होतं; मी सातवीत असताना बायपास झाला आणि रस्ता ओस पडला. दादांना, म्हणजे वडिलांना, विचारलं, तेव्हा आपला ऱ्हास झाला होता का?

“कसला ऱ्हास? ट्रकवाले गेले, एवढंच. वर्षभर माश्या मारल्या. मग गावात कॉलेज निघालं, मेस टाकली. तुझी आई तर म्हणते, ट्रकवाले गेले ते बरं झालं, भांडी कमी घासावी लागतात.”

त्या मेसवरच मी शिकलो होतो.

दुसऱ्या खेपेला मी साम्राज्य मोडल्यापासूनच सुरुवात केली. जुन्या बंदरातली गोदामं कशी बंद पडून राहिली, ते सांगितलं. नव्या बंदरात उतरणारं तेल पाइपलाइनने आल्प्सपलीकडे जातं, कॉफीची पोती येतात, तुर्कस्तानचे ट्रक बोटीतून उतरतात, हेही सांगितलं. शहरात म्हातारी माणसं जास्त आहेत. जुन्या गोदामांचं काय करायचं, यावर अजून वाद चालू आहे. भरभराट परत आली, असं मी म्हटलं नाही.

बाईंनी चष्मा काढला. “इटालियन शिकणार की जर्मन?”

“दोन्ही लागतील. आधी इटालियन.”

“ठीक. सोमवारी या.”

घरी येऊन रूममेटला म्हटलं, काही बोलल्याच नाहीत रे.

“भाषा कोणती शिकणार विचारलं ना? मग घेतलं तुला. नुसत्या मास्टर्सवाल्याला भाषा कोण विचारतं बे?”

सोमवारी बाईंनी ते रीतसर सांगितलं. घरी फोन केला. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “इटालियन शिकायचं होतं, तर अमेरिकेला कशाला गेलास?” मी समजावून सांगितलं. मग त्यांनी फोन आईकडे दिला. देता देता तिला सांगत होते, “हा अजून पाच वर्षं शिकणार म्हणतोय. शिकू दे.”