बायकोवर जळलेला मिस्त्री

बिरू मिस्त्री बायकोवर जळायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढं त्याची कीव करायची की त्याला दोन शिव्या हासडायच्या, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पौडहून ताम्हिणीकडं जाणाऱ्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज. आजा मेंढरं राखत गेला, बाप मेंढरं राखत गेला. बिरूनं मात्र सोळाव्या वर्षी मेंढरांना रामराम ठोकला, पुण्यात एका गॅरेजात राबून काम शिकला आणि गावी परतला तो मिस्त्री होऊनच. अख्ख्या वाडीत पान्हा धरणारा हा पहिला. रस्त्यानं जाताना कुणी ‘काय मिस्त्री!’ म्हणून हाक मारली की गडी दोन बोटं उंच व्हायचा. त्याच्याकडं मिरवण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

बायको उज्वला गॅरेजात आली ती डबा घेऊन. मग त्याचं जेवण होईस्तोवर पान्हे पुसायला लागली, मग प्लग घासायला लागली. बारा वर्षांत ती बॉनेटखाली कधी वाकायला लागली, ते बिरूला कळलंच नाही. कळलं ते दादासाहेबांच्या गाडीपायी.

दादासाहेब म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. पोरांनी दारात नव्या गाड्यांची रांग लावली, पण म्हातारा आपली वीस वर्षांची पांढरी गाडी सोडीना. त्या गाडीला भलतंच दुखणं लागलं. गाडी उभी, रेसवर पाय नाही, तरी इंजिन आपोआप चढायचं, मग खाली येऊन बंद पडायला टेकायचं आणि पुन्हा चढायचं. गाढ झोपलेला माणूस घोरावा तसं, दिवसभर.

बिरूनं थ्रॉटल साफ केला. प्लग बदलले. उभ्या गाडीची रेस सांभाळणारा छोटा वॉल्व्ह मारुंजीच्या भंगारवाल्याकडून आणून बसवला. दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या खेपेला दादासाहेब तोंडावरच म्हणाले, “बिरू, तुला जमत नसंल तर तसं सांग. मी पुण्याला नेतो.”

ती सकाळची वेळ होती. गॅरेज उघडलं की हत्यारांना उदबत्ती ओवाळायची आणि त्याच उदबत्तीनं दिवसाच्या पहिल्या गाडीलाही, ही उज्वलाची रीत. बिरूनं शंभरदा ओरडून पाहिलं होतं, “अगं, पेट्रोल हाय तितं! जाळशील समद्यास्नी!” ती लांबूनच ओवाळायची, पण ओवाळायची. त्या दिवशी पहिली गाडी दादासाहेबांची. बॉनेट उघडं, इंजिन चालू. उदबत्तीचा धूर वर जायचा सोडून एकीकडं वाकला आणि इंजिनाच्या मागच्या जाड रबरी पाइपाच्या बुडाशी गडप झाला. तिनं हात मागं घेतला, पुन्हा पुढं नेला. धूर पुन्हा गडप.

“अहो, ह्यो पाइप हितं हवा वढतोय.”

“काय बी सांगू नगंस. त्यो ब्रेकचा पाइप हाय. त्याचा रेसशी काय संबंध?”

ती वाद घालत बसली नाही. उदबत्ती बाहेर मातीत खोचून आली, पकडीला चिंधी गुंडाळली आणि तो पाइप बुडापाशी दाबून धरला. इंजिन तिथल्या तिथं शांत झालं. ना चढणं, ना उतरणं. दादासाहेबांचा चहाचा कप ओठांपाशीच राहिला.

त्या पाइपातून इंजिन ब्रेकच्या डब्यातली हवा ओढून घेतं, म्हणून ब्रेक पायाला हलका लागतो. पाइपाचं बुड क्लिपेखाली उललं होतं, आणि तिथून चोरून आत शिरणाऱ्या हवेनं इंजिनाचा ताल बिघडत होता. उज्वलानं उललेलं टोक कापलं, चांगलं रबर नळीवर चढवलं, क्लिप आवळली. दहा मिनिटांचं काम!

“आयला, बिरू!” दादासाहेब खो खो हसले. “बायकू तुझ्या वरताण निघाली की रं!”

बिरूही हसला. न हसून सांगतो कुणाला?

म्हाताऱ्यानं ही गोष्ट गावभर केली. आठ दिवसांत लवळ्याचा एक कँटीनवाला टेम्पो घेऊन आला आणि बिरूच्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाला, “ताई कुठं गेल्या?”

“मी हाय की. काय झालंय?”

“नको, येऊ द्या त्यांना. थांबतो मी.”

थांबतो मी! म्हणजे मिस्त्री समोर उभा, आणि हा थांबणार! बिरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, उज्वलानं तोरा तरी मिरवावा, म्हणजे भांडता आलं असतं. तर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “मला ह्यांनीच शिकवलंय.” ते ऐकलं की बिरूला वाटायचं, आपलाच मान ही आपल्या ताटात वाढतेय, आणि तोही उरलासुरला. रात्रंदिवस तो आतल्या आत धुमसायचा. तिच्या हातची भाकरीही त्याला गोड लागेना.

पुढच्या आठवड्यात दादासाहेब ऑइल बदलायला गाडी ठेवून गेले. उज्वला बाजाराला गेलेली. बिरूनं ऑइल बदललं, आणि बॉनेट लावता लावता त्याची नजर त्या क्लिपेवर गेली. स्क्रू-ड्रायव्हर हातातच होता. चार आटे त्यानं सैल केले, क्लिप दोन बोटं मागं सरकवली आणि पाइप जरासा ओढून ठेवला. गाडी पुन्हा घोरायला लागेल, म्हातारा तणतणत येईल, उज्वलाची मान खाली जाईल आणि आपण सगळ्यांदेखत ती क्लिप आवळू. एवढंच त्याच्या डोक्यात. आणि ब्रेक? अहो, मिस्त्री तो! त्याला काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. म्हातारा जाऊन जाऊन पौडपर्यंत जाणार, सपाट रस्ता आहे, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दादासाहेब नातीला, गौतमीला, ताम्हिणी दाखवायला घेऊन गेले.

घाटाच्या उतारावर पाइप निसटला. इंजिन बंद पडलं आणि ब्रेक दगडासारखा कडक झाला. म्हातारा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला, हँडब्रेक ओढला, गाडी कठड्याला घासत नेली तेव्हा कुठं ती थांबली. गौतमीचं कपाळ पुढं आपटून टेंगूळ आलं. त्यावरच भागलं, म्हणायचं.

पिकअपनं ओढून गाडी गॅरेजात आणली. उज्वलानं बॉनेट उघडलं. क्लिप दोन बोटं मागं होती. क्लिप कधी आपल्या पायांनी मागं चालत जात नाही, हे तिला कळत होतं. तिनं वळून एकदाच बिरूकडं पाहिलं. बिरूनं नजर खाली घातली.

“काय झालं गं?” दादासाहेबांनी विचारलं.

“चूक माझी हाय, दादासाहेब. क्लिप नीट आवळायची ऱ्हायली माझ्याकडनं.”

दादासाहेबांनी बिरूकडं मान वळवली. मग म्हणाले, “बिरू, हितनं पुढं माझ्या गाडीला तुझ्याबिगर कुणाचा हात लागायचा न्हाई. मिस्त्री तू हायेस.”

घ्या! हवं होतं ते मिळालं.

मंडळी गेल्यावर उज्वला हात धुवायला लागली. बिरू जवळ गेला. “उज्वला, मी...”

“माझ्यावर जळायचं तर जळा,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तोंडावर शिव्या द्या. गॅरेजात येऊ नगंस म्हना, उद्यापासनं न्हाई येत. पन लोकांच्या गाडीत असलं काय करू नगा. त्यात मानसं बसत्यात.” डबा उचलून ती चालायला लागली.

बिरूनं गॅरेज तसंच उघडं टाकलं आणि तो दादासाहेबांच्या घरी गेला. ओसरीवर गौतमीच्या कपाळाला हळदीचा लेप लावणं चाललं होतं. सगळं घर तिथं गोळा झालेलं.

“क्लिप तिनं नीट आवळली व्हती, दादासाहेब. मी सैल केली.”

“तू? आन का रं?”

“जळलो. लोकं तिला इचारत यायला लागली, ते बघवंना.”

म्हातारा उठला आणि त्यानं बिरूच्या कानशिलात अशी दिली की गौतमी दचकून रडायला लागली. मग तो धापा टाकत म्हणाला, “जा. तिला सांग, गाडी तिनंच नीट करायची. तू हात बी लावू नगंस.”

बिरू गाल चोळत घरी निघाला. हे सांगायचं म्हणजे त्याला उज्वलापुढं उभं राहावं लागणार होतं, आणि तो सांगणारही होता. थपडेचं त्याला काही वाटलं नाही, ती त्यानं कमावलीच होती. पण म्हातारा ‘तिनंच’ म्हणाला होता ना, तेवढं मात्र त्या बेट्याच्या पोटात अजूनही दुखत होतं.