दमत न्हाई ती पोरगी

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही. कपाशी गुडघ्याएवढी होऊन थांबली. गावातली माणसं आभाळाकडे बघायची सोडून मोटारसायकलीच्या आवाजाकडे कान देऊ लागली, कारण मोटारसायकलवरून मुकादम यायचा. ऊसतोडीला माणसं गोळा करून नेणारा. दिवाळीच्या आसपास त्याचे ट्रक निघायचे.

मी तेव्हा नववीत होते. आता जालन्याला कॉलेजात आहे. आमच्या घरातून इथवर आलेली मी पहिलीच. खेळानं तुला काय दिलं, असं इथं कुणी विचारलं की शिस्त, आत्मविश्वास असं काहीतरी सांगावं वाटतं. पण मला आधी आमच्या मैदानाचं तारेचं कुंपण आठवतं, आणि त्याला टेकून उभा असलेला तो माणूस.

आमचा मुलींचा खो-खोचा संघ होता. जमिनीला भेगा पडलेल्या, म्हणून सर आधी आमच्याकडून मुरूम टाकून घेत आणि मग खेळवत. सगळ्यात चांगली पळणारी माझी मैत्रीण होती. ती खांबाला वळसा घालून आली की मागं बसलेल्या ओरडायच्या, "अगं खो दे की! आम्ही काय इथं म्हाताऱ्या होऊन राह्यलो का?" ती हसत सुटायची, आणि हसतानाही तिचा वेग कमी व्हायचा नाही.

मुकादम दोन-तीनदा येऊन बघून गेला. एका संध्याकाळी त्यानं सरांना विचारलं, "ती लांब वेणीवाली कुणाची हो?"

सर शहरातून आलेले. त्यांना वाटलं, माणसाला खेळाची आवड आहे. ते अभिमानानं म्हणाले, "ती? दिवसभर पळवा, दमत नाही."

"बराबर," मुकादम म्हणाला. "दमत न्हाई ती पोरगी. मी बघून राह्यलोय."

चारच दिवसांत तिला स्थळ आलं. मुलगा मुकादमाच्या टोळीतला, एकटा. बायका बोलत होत्या, त्याला कोयता पुरा करायचाय. मी आईला विचारलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा म्हंजे अर्धा. अर्धा कोयता कोण नेतंय?"

मी ते सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मी काय बोलून बसलो त्याच्याजवळ." त्याच संध्याकाळी ते तिच्या घरी गेले. आम्ही दोघी-तिघी मागं उभ्या होतो. कायदा, वय, सगळं बोलून झालं. तिचे वडील वाईट माणूस नव्हते, हे मला लिहायलाच हवं. ते म्हणाले, "सर, आम्ही दोघं बी जाणार कारखान्यावर. वयात आलेली पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवू? तुम्ही राखता का?"

सर एवढंच म्हणाले, "स्पर्धा तरी होऊ द्या. खेळतेय तोवर थांबा."

"ठीक. हरल्या की मंग मधी बोलायचं न्हाई."

तेव्हापासून आमचं खेळणं बदललं. चेष्टा बंद झाली. तालुक्याला आम्ही जिंकलो, तेव्हा कुणी उड्या मारल्या नाहीत. जिल्ह्याच्या सामन्यापर्यंत थोडे दिवस मिळाले, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं. मुकादम रोज कुंपणाशी यायचा. आता तो काही विचारायचा नाही.

जिल्ह्याला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. समोरच्या मुलींचे बूट चांगले होते, पण त्या खेळल्याही चांगल्या. टेम्पोत परत येताना माझी मैत्रीणच म्हणाली, "सर, अजून कशाच्या स्पर्धा ऱ्हातेत?"

सरांनी तिचं नाव धावण्यात घातलं, लांब उडीत घातलं, गोळाफेकीतसुद्धा. गोळा तिनं कधी हातात धरला नव्हता. वडील चिडले. "हरल्या की बोलायचं न्हाई ठरलं होतं!"

"खो-खो हरलो, दादा. हे वेगळं," सर म्हणाले.

माझी आई कडेला उभी होती. कुणी विचारलं नसताना ती म्हणाली, "ट्रक जाईस्तोवरच कशाला? तुम्ही परत येईस्तोवर ऱ्हाऊ द्या आमच्याकडं. दोघी एका ताटात जेवतील."

वडील हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ट्रक निघाला तेव्हा ते आणि तिची आई त्यात बसले, आणि ती आमच्या ओट्यावर उभी राहिली. गोळाफेकीत ती शेवटून दुसरी आली. पुढं दहावी झाली. सध्या ती परिचारिकेचं शिक्षण घेतेय.

हे सगळं सांगितलं की लोक म्हणतात, बघ, खेळानं वाचवलं. मला तसं ठाम म्हणता येत नाही. कारण ट्रकमध्ये तो मुलगाही होता, आणि तो एकटा नव्हता. त्याच्याजवळ एक मुलगी बसली होती, शेजारच्या गावातली, हळद न उतरलेली. आमच्याच वयाची असावी. ती आमच्या ओट्याकडे बघत होती. मुकादमानं मागचं फळकं लावलं, कडी घातली, आणि ट्रक हलला.