दर वेळी नवं उत्तर देणारा लॅपटॉप

“अक्का, स्टँड तोच, फाइल तीच, आणि उत्तर दर वेळी नवं यायलंय. हा लॅपटॉप परत करूया की हो!”

बेंगळुरूच्या कडेला असलेल्या बोम्मसंद्र्याहून बसवराज अण्णांचा फोन होता. अण्णा मूळचे निपाणीचे. पंपांसाठी लोखंडी स्टँड बनवतात. मी सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांच्या स्टँडची आकडेमोड बघते. कुठल्या भागावर किती ताण येईल, तो सोसेल का, हे सॉफ्टवेअरमध्ये आधीच तपासायचं. त्यासाठीच हा लॅपटॉप मी निवडून दिला होता. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीचा इंजिनिअर नव्या डिझाइनचा हिशोब डोळ्यांसमोर दोन-तीनदा चालवून बघणार होता. तो जुळला तरच ऑर्डर. म्हणजे अण्णांची ऑर्डर आणि माझी अब्रू, दोन्ही टांगणीला.

खरं सांगते, मला काळजीच्या आधी उत्सुकता वाटली. लॅपटॉप बिघडला की तापतो, अडकतो, बंद पडतो. हा शांतपणे दर वेळी वेगळं उत्तर देत होता. जे. पी. नगरहून मी तडक निघाले.

अण्णा म्हणत होते ते खरंच होतं. एकदा ताण मर्यादेच्या बराच आत, पुढच्या वेळी मर्यादेला भिडलेला.

लॅपटॉप घेताना मी भरपूर मेमरी, हवा खेळेल अशी जाळी आणि जास्त कोअर बघितले होते. कोअर म्हणजे आकडेमोड करणारे हात. जुना कम्प्युटर सगळं एकाच हाताने करायचा. इथे अनेक हात काम वाटून घेतात आणि ज्याचं आधी संपेल त्याची बेरीज आधी होते. प्रत्येक बेरजेत शेवटचे अंक थोडे कापले जातात. म्हणून क्रम बदलला की उत्तरही केसभर बदलतं.

मी सेटिंगमध्ये जाऊन एकच कोअर चालू ठेवला. आता दर वेळी तेच उत्तर, तेही मर्यादेच्या आतलं.

“सरी, बरोबर! उद्या असंच दाखवूया,” अण्णा खूश झाले.

मोह मलाही झाला. पण केसभर पडायला हवा होता तो फरक हातभर पडत होता.

“अण्णा, स्वल्प थांबा. एवढा फरक का, ते मला कळलेलं नाही.”

“कळायला कशाला पाहिजे? जुळायलंय नव्हं?”

“ऑर्डर जुळण्यावर मिळेल. स्टँड जुळण्यावर उभा राहील का?”

अण्णांनी तोंड वाकडं केलं आणि चहा मागवला.

मी पुन्हा सगळे कोअर चालू केले आणि मॉडेलमधला एकेक भाग काढून हिशोब चालवत गेले. मोटरखालची त्रिकोणी आधारपट्टी काढली आणि उत्तर एकदम स्थिरावलं. मला तर टाळी वाजवावीशी वाटली. ती जागा मोठी करून बघितली. पट्टी खाली एका बोल्टवर अडकलेली होती. वर मात्र ती खांबाला जोडलेलीच नव्हती, नुसती टेकली होती. भिंतीला टेकवलेली शिडी जरा धक्क्याने कुठे सरकेल, सांगता येत नाही. हिशोबातही तेच होत होतं. केसाएवढा धक्का पुरत होता.

“चित्रातली चूक हो ती,” अण्णा म्हणाले. “खऱ्या स्टँडला वेल्डिंग असणारच.”

“बघूया तरी.”

उद्यासाठी रंगवून ठेवलेला स्टँड शेजारीच होता. अण्णा टॉर्च घेऊन खाली वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. वेल्डिंग नव्हतं. वर्कशॉपने ड्रॉइंगप्रमाणे काम केलं होतं आणि ड्रॉइंगमध्ये तिथे वेल्डिंगची खूणच नव्हती.

“पंप हादरायला लागला की पट्टी सरकली असती,” अण्णा हळूच म्हणाले. “चाचणीला आमची माणसं शेजारीच उभी असत्यात, अक्का.”

मला मघाचा एका कोअरचा मोह आठवून भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरला आम्ही सगळं दाखवलं आणि मुदत मागितली. तो वैतागला, पण टॉर्च घेऊन स्वतः खाली वाकला. ऑर्डर मिळाली, ठरली होती त्याच्या निम्मी. उरलेली पहिले स्टँड वापरून बघितल्यावर.

लॅपटॉप दुकानात परत गेला नाही. उत्तर दर वेळी तेच येतं म्हणून ते बरोबर असतं असं नाही, एवढं आम्ही दोघं शिकलो. आता मी अण्णांना म्हटलं, “उत्तर जुळलं,” की ते टॉर्च उचलतात आणि म्हणतात, “बरं. चला, खाली वाकून बघूया.”