रापणीवरून आलेली संत

आमच्या नाटकातली संत गेटबाहेर उभी होती आणि गेटला कुलूप होतं.

तन्वी, नववीतली. स्कर्ट गुडघ्यापर्यंत खाऱ्या पाण्याने भिजलेला. "टीचर, रापण उशिरा लागली," ती गजांतून म्हणाली. "आये तापान पडली हा. दोरी सोडली असती तर तिचो वाटो गेलो असतो."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. अख्खी वाडी दोरीला लागते. जाळं वाळूवर येईपर्यंत जो दोरीला असतो त्यालाच मासळीचा वाटा मिळतो. शाळेची वेळ झाली म्हणून समुद्र घाई करत नाही.

आमची शाळा सिस्टर लोकांची, म्हणजे ख्रिस्ती नन्सची. त्यांचा संघ ज्या संत बाईंनी काढला, त्यांनी तिकडे परदेशात कापडगिरणीत राबणाऱ्या मुलींसाठी पहिली शाळा उघडली. मुली काम आटपून येत, म्हणून बाई दाराला कडी लावत नसत. आमच्याकडच्या जुन्या सिस्टर्सनीही तेच चालवलं. दाराजवळची बाकं रापणीच्या मुलींची. मासळीचा वास घेऊन त्या गुपचूप येऊन बसायच्या. त्यातल्या कितीतरी आज नर्स आहेत, शिक्षिका आहेत. मग इंग्लिश सेक्शन आला आणि वासाच्या तक्रारी सुरू झाल्या. प्रार्थना झाली की गेट बंद, असा नियम निघाला.

त्या दिवशी संत बाईंचाच फीस्ट, म्हणजे सण होता. नाटक मी बसवलेलं. संताचं काम तन्वीकडे, कारण तिच्यासारखा आवाज शाळेत दुसरा नव्हता. मी धावत प्रिन्सिपल सिस्टरांकडे गेले.

"सिस्टर, तन्वी बाहेर आहे. गेट उघडायला सांगा."

"आज तिला घेतलं तर उद्या सगळ्या उशिरा येतील."

"आपल्या संत बाईंनी तेच तर केलं!"

"टीचर, तो काळ वेगळा होता. दहावी ब मधली मुलगी उभी करा. तिला संवाद येतात."

एवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. गेट सताड उघडलं. तन्वी बाजूला सरकून उभी राहिली, वॉचमनने तिला हाताने अडवलं आणि गाडीमागे पुन्हा कुलूप लागलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पाहुणे स्टेजकडे निघाले होते आणि माझी सगळी मुलं मेकअप करून बसली होती. मी विंगेत गेले.

नाटक छान झालं. दहावी ब ची मुलगी दार उघडून म्हणाली, "उशीर झाला तरी चालेल. ये, बाळ." पाहुण्यांनी डोळे पुसले. भाषणात सिस्टर म्हणाल्या, मुलींचं शिक्षण हाच आमच्या संताचा वारसा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

तन्वी पुन्हा आली नाही. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिची आई तापातून नुकतीच उठली होती.

"टीचर, भोंगो मोठो होतो ना तुमचो," ती म्हणाली. "माझ्या चेडवान, तन्वीन, सगळा नाटक गेटाभायर उभ्यान ऐकल्यान. आपले संवाद तोंडातल्या तोंडात बोलत होता. आता ता येवचा नाय."

मी खूप समजावलं. उपयोग झाला नाही. तन्वी आता तारकर्लीला एका लॉजवर चादरी धुते. नाटकाचा फोटो शाळेच्या ऑफिसात लावलाय.

नव्या शिक्षिका मला नाटक कसं बसवायचं ते विचारतात. मी सांगते, आधी गेटची किल्ली कोणाकडे असते ते बघा, मग संत निवडा.