अडॅप्टरची पूजा

शुक्रवारी अकरा वाजता बायकोची मुलाखत होती, लॅपटॉपवर. घरी बसून पोरांना गणित शिकवायची नोकरी. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिने पहिल्यांदाच कुठे अर्ज केला होता. वायफाय समोरच्या घरात, थोरल्या भावाकडे. आमच्या पत्र्याच्या खोलीत जुन्या लॅपटॉपला त्याची एकच काडी दिसायची, तीही मनात आलं तर. भावाकडेच बसावं तर दारात त्याची पिठाची गिरणी.

"मी जीपनं सेनगावला जाते, तिथंच कुठं बसते," ती म्हणाली.

"न्हाई. घरातूनच व्हईल."

मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा आमच्या गावात, साखऱ्यात, समज आहे. तो मीच पसरवलाय.

बुधवारी सेनगावहून यूएसबीला लावायचा वायफाय अडॅप्टर आणला, बोटभर अँटेनावाला. आता आमच्याकडे नवी वस्तू तशीच वापरत नाहीत. विहिरीवरची मोटार असो की फवारणीचा पंप, आधी हळद-कुंकू, मग बटण. मी कुंकू पाण्यात कालवलं आणि अडॅप्टरला लावलं. पाठीवर एक बोट, अँटेनाला एक, आणि लॅपटॉपमध्ये जाणाऱ्या चकचकीत टोकाला जरा जास्तच, कारण खरं काम तेच करणार होतं.

मग तो लॅपटॉपला लावला, पण लॅपटॉपला त्याचा पत्ताच लागला नाही. मी लॅपटॉप बंद केला, चालू केला. भावाच्या गिरणीत पीठ झटकत बसून अडॅप्टरचा ड्रायव्हर दोनदा डाउनलोड केला. काही नाही. दुकानदारानं फसवलं, असं मी घरात जाहीर केलं आणि गुरुवारी सकाळी पहिल्या जीपनं भांडायला निघालो.

दुकानदारानं टोकात डोकावून पाहिलं.

"भाऊ, कुंकू काहून लावलं?"

"नवं होतं."

"आतमधी?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागलो. त्यानं ब्रशनं टोक साफ केलं. "लॅपटॉपच्या त्या भोकात लावू नका आता, शेजारच्यात लावा. अन् ही वायर घ्या. खोली पत्र्याची म्हणता, तिथं बसून काय पकडंल ते?"

घरी येऊन वायर खिडकीतून बाहेर काढली, बांबूच्या टोकाला अडॅप्टर बांधला आणि भावाच्या घराकडे तोंड करून बांबू उभा केला. एक काडी. डावीकडे सरकवला, दोन. उन्हात तासभर तो बांबू मी फिरवत होतो. गिरणीवरच्या बाया दळण सोडून बघत होत्या. सगळ्या काड्या भरल्या तेव्हा तो तिथंच तारेनं आवळला.

शुक्रवारी बायको म्हणाली, "तुमी बाहीर बसा. कशालाच हात लावू नका."

मी बांबूपाशी शेळ्या हाकलत बसलो. आतून तिचा आवाज येत होता. अपूर्णांक शिकवताना ती भाकरीचे तुकडे करत होती. आवाज एकदाही तुटला नाही.

पाऊण तासानं ती दारात आली. "सोमवारपासून शिकवायचंय." मग आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली. मी हात पुढं केला, तर तिनं करंडा मागं घेतला. अडॅप्टरवर रुमाल टाकला आणि बांबूला, अगदी खाली बुडाशी, स्वतःच्या हातानं कुंकू लावलं.