डब्यांकडे पाहणारी सासू

आमच्या सासूबाईंना, म्हणजे जानेफळच्या केसरबाईंना, चाळिसाव्या वर्षी गोवर निघाला. लेकरांचा आजार हो तो! पण त्यांचं सगळंच जगावेगळं. शेजारची पोरं गोवरानं फणफणली तेव्हा ह्या बाई त्यांना मांडीवर घेऊन लिंबाच्या डहाळीनं वारा घालत बसल्या. पोरं उठून खेळायला गेली आणि बाई आडव्या झाल्या. गाव हसलं. नवव्या दिवशी अंघोळ करून त्यांनी देवीची ओटी भरली आणि मी ठणठणीत आहे असं सांगून टाकलं. हे साल सहासष्टचं. मी तेव्हा माहेरी रोहिणखेडला होते, मला हे सारं मागाहून कळलं.

केसरबाईंची नजर म्हणजे काय विचारता! गावात कुणाच्याही पोरासाठी मुलगी पाहायची असली की बसमध्ये पहिली जागा त्यांची. चालण्यात खोट आहे का, वेणीत केस किती आणि गंगावन किती, सगळं त्या एका नजरेत ओळखायच्या. अशी बाई आपल्या मुलासाठी, माणिकरावांसाठी, मला पाहायला आली.

मी पाटावर बसले. मान खाली होती, पण चोरून पाहत होतेच की. बाई माझ्याकडे बघेचनात! माझ्या शेजारी फळीवर पाच पितळी डबे होते, आईनं चिंचेनं घासून लखलखीत केलेले. बाईंची नजर तिथं जी खिळली ती हलेना. नाव विचारलं ते डब्यांना, "कोकिळा" म्हणून सांगितलं मी. भाकरी येते का, तेही डब्यांनाच. शेवटी म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय आमाले." मी मनात म्हटलं, पोरगी की डबे?

माझे वडील वामनराव समजायचं ते समजले. लग्नात पाचही डबे बांधून त्यांनी माझ्यासोबत पाठवले. आईची फळी ओकीबोकी झाली. आणि सासूबाई विचारतात कशा, "एवढे डबे काऊन धाडले बाप्पा?" वरून हा साळसूदपणा! मला असा राग आला म्हणता.

पुढचे सहा महिने तेच. मी समोर गेले की बाई तोंड फिरवणार. सणाला नवं लुगडं नेसून पाया पडले, तर आशीर्वाद दिला दाराच्या चौकटीला. शिवाय डाळ निवडायच्या त्या, खडा यायचा माणिकरावांच्या दाताखाली आणि बोलणी मला. मी चुलीपुढं बसून रडायचे. धुराचं निमित्त बरं असतं. एका सकाळी मात्र डोक्यात तिडीक गेली आणि मी पेटी भरली.

"चालली मी आत्याबाई! मी आवडतच नाही तं मले आणलं काऊन? डब्यासाठी?"

"कोनते डबे व?"

"ज्याइच्याकडं टकमक पाहून मले पसंत केलं ते!"

बाईंनी माझ्याकडून तोंड वळवलं, दाराकडे केलं आणि एकदम हसत सुटल्या. हसता हसता पदर डोळ्यांना गेला. "अवं येडे, मी डब्याकडं नवती पाहत. तुह्याकडंच पाहून राह्यली होती."

मग सगळं बाहेर आलं. गोवर उतरला, पण दोन्ही डोळ्यांत मधोमध धुरकट डाग बसला. ज्याच्याकडे सरळ पाहावं त्याचंच तोंड पुसलेलं. जरा बाजूला पाहिलं की मग ते माणूस कडेनं दिसायचं.

"कोनाले सांगू?" त्या म्हणाल्या. "आंधळ्या सासूच्या घरात पोरगी कोन देते? माह्या मानिकचं लगन अडलं असतं."

"पन आता तं झालं ना लगन?"

"आता सांगितलं अन् तू निंगून गेली तं?"

मी पेटी उचलून परत आत ठेवली. मला माझीच लाज वाटली. सहा महिने ती बाई मला डोळे भरून पाहत होती आणि मी तिच्या नावानं बोटं मोडत होते.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना अकोल्याला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बत्ती लावून आत पाहिलं. म्हणाले, गोवराचा व्हायरस डोळ्यामागच्या पडद्यापर्यंत गेला होता, सूज ओसरली पण व्रण राहिला. तो जाणार नाही, कडेची नजर मात्र शाबूत आहे. "आजी, तेव्हाच का नाही आलात?"

चाळिशीत आजी म्हटल्याचा राग गिळून बाई डॉक्टरांच्या कानाकडे बघत म्हणाल्या, "तवा आनाले सून कुठं होती?"

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "मग मी कशी दिसते, सांगा."

"नाक बसकं हाय. मले पाटावरच दिसलं होतं."

तेव्हापासून डाळ मी निवडते. मुली पाहायला दोघी जातो. बारकावे मी कानात सांगते, निकाल त्या देतात. श्रेय अर्थात त्यांचंच.

दुसऱ्या वर्षी रोहिणखेडला मला मुलगी झाली. केसरबाई पाचही डब्यांत डिंकाचे लाडू भरून आल्या. आईनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि बाईंनी तोंड फिरवून रिकाम्या फळीकडे केलं. माझी आत्या कुजबुजली, "पोरगी झाली म्हून पाहा कसं तोंड फिरवलं." आईचे डोळे भरून आले.

"आई, खिडकी उघड," मी बाजेवरून म्हटलं. "त्याइले नीट पाहू दे."

खिडकी उघडली. बाळाच्या तोंडावर ऊन आलं. केसरबाई कितीतरी वेळ त्या रिकाम्या फळीकडे बघत राहिल्या, पापणीसुद्धा हलली नाही.

"माय व," त्या शेवटी म्हणाल्या, "हिचं बी नाक बसकंच! कोकिळाच हाय पुरी."