उलट्या हाताची बॅटरी

मी आमच्या गाडीची ठणठणीत बॅटरी काढून भंगाराच्या ढिगात ठेवून आलो, आणि तिच्या जागी जी नवी आणली ती गाडीला बसेना. हे झालं बुधवारी दुपारी. गुरुवारी सकाळी अकरा वाजता त्याच गाडीवर बायकोची ड्रायव्हिंगची परीक्षा होती.

परीक्षा कशासाठी, ते आधी सांगतो. बायकोचं माहेर कानडी मुलखाच्या सीमेवरच्या दुधनीचं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि सव्वीस वर्षं तिचं माहेरी जाणं माझ्या सुट्टीवर, माझ्या कंबरेवर आणि माझ्या लहरीवर अडकलेलं. यंदा उन्हाळा लागताना मी ओळीने तिसऱ्यांदा "पुढच्या रविवारी बघू" म्हणालो. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. वय एक्कावन्न. सोलापूरच्या मे महिन्यात, स्टिअरिंगला हात लावला की चटका बसतो अशा उन्हात ती गाडी शिकली. ऑगस्टमध्ये परीक्षेची तारीख मिळाली, तर त्या दिवशी मी गाडी घेऊन कुर्डुवाडीला मित्राच्या वास्तुशांतीला जेवत होतो. तारखेचं लक्षातच राहिलं नाही. आता दुसरी तारीख मिळाली होती ती दसऱ्यानंतरच्या गुरुवारची, आणि तिचं शिकाऊ लायसन्स शनिवारी संपत होतं. गुरुवार हुकला की पुन्हा पहिलीपासून.

दिव्यांची भानगड सोमवारी सुरू झाली. चावी फिरवली तर डॅशबोर्ड गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यासारखा उजळला. बॅटरीचं लाल चित्र, ब्रेकचं पिवळं, स्टिअरिंगचं पिवळं, एअरबॅगचा माणूस. मी डॅशबोर्डवर एक थाप मारली. सगळे दिवे गेले. मला वाटलं, झालं काम. मंगळवारी दोन थापा लागल्या. बुधवारी सकाळी चावी फिरवली तर नुसतं टिक्‌ टिक्‌ टिक्‌, आणि इंजिन ढिम्म.

"मिस्त्रीला दाखवा की," बायको म्हणाली.

"मिस्त्री काय वेगळं सांगणार? लाल चित्र बॅटरीचं आहे. बॅटरी गेली."

"तो बघून सांगेल. तुम्ही न बघता सांगताय."

आता मी आहे शाळेत विज्ञानाचा शिक्षक. 'चित्र पाहून उत्तर लिहा' हा प्रश्न मी सातवीच्या पेपरात दरवर्षी घालतो. चित्र पाहून उत्तर मलाच लिहिता येऊ नये? दहा नंबरचा पाना काढला, बॅटरी सोडवली, स्कूटीवर पायाशी ठेवली आणि निघालो.

बॅटरीचं दुकान एका चाचांचं. साठी ओलांडलेले, चष्मा कपाळावर, तिथेच असून सगळ्या दुकानात शोधायचा. गिऱ्हाइकांची ही गर्दी. बाहेर फुटपाथवर जुन्या बॅटऱ्यांचा ढीग होता, लोक आपापली तिथे ठेवून आत जात होते. मीही ठेवली. तीन डोक्यांच्या वरून चाचांनी विचारलं, "कौनसी गाडी?"

मी सांगितली.

"गाडी लेके आव ना साब. फुकट चेक करके देता."

"चालू होत नाही म्हणून तर आलो."

"तो मैं आता घर कू."

"नको हो चाचा. एवढंसं काम."

"बरं. प्लस का खुंट किधर कू है? सीधे हात कू के उल्टे हात कू?"

म्हणजे उजवीकडे की डावीकडे. बॅटरीच्या डोक्यावर शिशाचे दोन खुंट असतात, त्यातला प्लसचा कुठल्या बाजूला, यावर बॅटरीची जात ठरते. आकार तोच, किंमत तीच, पण बाजू चुकली की गाडीतली लाल तार तिथवर पोचत नाही. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी डोळे मिटले, मनातल्या मनात गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसलो, तिथून बॉनेटच्या आरपार पाहिलं आणि म्हणालो, "उल्टे हात को."

"पक्का? फोटू है क्या?"

"चाचा, मी विज्ञानाचा मास्तर आहे."

चाचांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, मला एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा वर सरकवला. बॅटरी दिली. जुनी बाहेरच्या ढिगात आहे म्हटल्यावर त्या ढिगाकडे कुणी पाहिलंही नाही.

खुंट बघायचे असतात बॅटरीसमोर उभं राहून. ड्रायव्हरच्या सीटवर बसून नव्हे. बसून जे डावं, ते समोर उभं राहिलं की उजवं. आरशाचा धडा मी वीस वर्षं शिकवतोय.

घरी येऊन नवी बॅटरी ठेवली. लाल तार वीतभर अलीकडेच संपली. मी ओढली. ती आली नाही. बॅटरी फिरवून ठेवली, तर दोन्ही तारा अपुऱ्या. पुन्हा पहिल्यासारखी ठेवली आणि या वेळी प्रेमाने ओढली. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"पोचत नाही का ती?"

"पोचेल."

"रबराची आहे का?"

ती पायरीवर बसली. पर्समधून शिकाऊ लायसन्सचा कागद काढला, तारीख पाहिली, घडी घालून पुन्हा ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. "शनिवारपर्यंतच आहे हे," एवढंच म्हणाली. मी चहा तसाच खाली ठेवला.

चाचांना फोन लावला. झालं ते सांगितलं, शक्य तितकं कमी करून.

"सीधे हात की तो खतम हो गई साब. अब शुक्रवार कू आती."

"माझी जुनी आहे ना? तीच चार्ज करून द्या. उद्यापुरती चालली तरी बास."

"देता ना. कौनसी तुम्हारी?"

"काळी."

"सब काली हैं साब. पच्चीस-तीस पडी हैं. सुबह आके तुम पैचानो. जल्दी आव, साडेआठ कू भंगार की गाडी आती."

सकाळी आठला आम्ही दोघं स्कूटीवरून दुकानापुढे हजर, तर भंगारवाल्याचा टेम्पो आमच्याही आधी येऊन उभा. निम्मा ढीग आत गेलेला. चाचांनी त्याला हाताने थांबवलं आणि मला म्हणाले, "बोलो साब. कौनसी?"

"ही."

"ये रिक्षा की है."

"मग ही."

"इन्वर्टर की."

"ती कोपऱ्यातली?"

"वो कल मैंने खुद निकाली. बोलेरो की."

बायकोने मला दंडाला धरून बाजूला केलं. टेम्पोच्या फाळक्याला हात टेकून आत वाकून पाहिलं आणि बोट दाखवलं. "ती. हळदीकुंकवाची."

तीस काळ्या बॅटऱ्यांत एकच बॅटरी, जिचे दोन्ही खुंट पिवळे-तांबडे माखलेले आणि एका खुंटाला झेंडूची वाळकी पाकळी चिकटलेली. चाचांनी ती खाली उतरवून घेतली, फळीवर ठेवली, चष्मा खाली घेतला. खुंटावरून बोट फिरवलं. नखाने खरवडलं. नखाखालून एक अख्खा तांदूळ निघाला.

"ये किसने करा?"

बायको माझ्याकडे बघत होती, त्यामुळे उत्तर मिळाल्यासारखंच होतं.

त्याचं असं झालं. खंडेनवमीला सगळं सोलापूर गाडी धुतं, बॉनेटला हार घालतं, चाकाखाली लिंबू ठेवतं. मला असली वरवरची भक्ती पटत नाही. गाडीची ताकद बॉनेटच्या पत्र्यात थोडीच असते? मी बॉनेट उघडलं. तारांच्या दोन्ही कड्या सैल करून वर काढल्या, खुंट पुसले, हळदीकुंकू पाण्यात कालवून खुंटांना चहूबाजूंनी जाड लेप दिला, वर अक्षता वाहिल्या आणि त्यावरून कड्या बसवल्या. पाना घेऊन आवळणार तोच आतून आरतीला हाक आली. मग हातानेच पिळून ठेवल्या. चार-पाच दिवसांत तो लेप वाळून विटेसारखा झाला.

चाचांनी खुंट घासून मीटरच्या दोन सुया लावल्या. "बारा पॉइंट पाच." मग दोन जाड चिमट्यांचं एक यंत्र लावून बटण दाबलं. काटा जरासा हलला आणि जागेवर उभा राहिला. "पैलवान है बॅटरी. अभी दो साल कुछ नै होता."

"मग तो लाल दिवा?" मी विचारलं.

"लाल दिवा बोलता के चार्जिंग में गडबड है. बॅटरी मर गई, ऐसा किधर बोलता?" मग मला समजावं म्हणून ते मराठीत आले. "तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं?"

"पाच."

"टाकी भरलेली आहे, पण नळाच्या तोंडात बोळा बसलाय. घरात पाणी येत नाही. तुम्ही काय करता? टाकी बदलता?"

टेम्पोवाला हसला. तो अजून गेला नव्हता. तीस बॅटऱ्या वाट पाहत होत्या, पण त्याला मजा येत होती.

चाचांनी बायकोला विचारलं, मला नव्हे, "साब क्या शिकवते बोले?"

"वीज," ती म्हणाली. "सातवीला."

"माशाल्ला," चाचा म्हणाले, आणि बॅटरी उचलून आपल्या मोपेडवर पुढे ठेवली. "चलो. कड्यांत पण भरलं असणार."

भरलंच होतं. घरी येऊन त्यांनी बायकोकडे गरम पाणी आणि खाण्याचा सोडा मागितला. कड्यांच्या आत पॉलिश पेपर घालून घासायला लागले. तांदळाचे दाणे एकेक करून बाहेर पडत होते. "अंदर भात पका रखे क्या साब?" पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. खरवडलेली हळद, कुंकू, अक्षता, सगळं त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर जमवलं, पुडी बांधली आणि बायकोच्या हातात दिली. "इसे झाड में डालो भाभी. रस्ते पर नक्को." मग माझ्याकडे वळून, "पूजा करो, जरूर करो. पत्रे पर करो. खुंट पर नक्को."

कड्या पान्याने आवळल्या, वरून व्हॅसलीन चोपडलं. "भाभी, चालू करो."

बायकोने चावी फिरवली. इंजिन एका दमात उठलं. चाचांनी चालू इंजिनावर मीटर लावून मला आकडा दाखवला, "देखो, चौदा. डायनामो भी अच्छा, बॅटरी भी अच्छी." डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता. थाप मारायला माझा हात गेला, तो बायकोने वरच्या वर धरला. उलट्या हाताची नवी बॅटरी चाचा परत घेऊन गेले. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

आरटीओच्या मैदानावर मी कुंपणाबाहेर उभा. आत बायको गाडीत, शेजारी साहेब, मांडीवर फाईल. आठचा आकडा तिने असा काढला की मलाही पाटीवर तसा येत नाही. मागे घेणं झालं. मग चढावर थांबून पुन्हा निघायचं होतं, आणि तिथे गाडी हिसका देऊन बंद पडली.

माझे दोन्ही पाय कुंपणाबाहेर क्लच-ब्रेक दाबत होते. साहेब फाईलवर काहीतरी लिहीत होते. आता टिक्‌ टिक्‌ ऐकू आलं तर सहा महिन्यांचं ऊन, ती कुर्डुवाडी, सगळं पाण्यात, आणि पुढची सव्वीस वर्षं मी घरात कुठल्या तोंडाने वावरायचं? बायकोने हँडब्रेक ओढला. घाई केली नाही. चावी फिरवली.

इंजिन उठलं. गाडी चढ चढून गेली.

पास. साहेबांनी सही केली तशी ती गाडीतून उतरली, मैदानाकडे बघत उभी राहिली आणि एकदम खळखळून हसली. असं हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. परत जाताना कोपऱ्यावर आम्ही दोन-दोन प्लेट भजी खाल्ली. भज्यांच्या गाड्यापाशी तिने गाडी उगीचच तीनदा बंद करून तीनदा चालू केली. "बघा, होतेय," म्हणाली. भजीवालाही बघायला आला.

लायसन्स पोस्टाने आलं आणि त्याच रविवारी आम्ही दुधनीला निघालो. अक्कलकोटपर्यंत मी "हळू… ट्रॅक्टर… हळू" म्हणत होतो. अक्कलकोटच्या पुढे ती म्हणाली, "सुम्नीर्री." गप्प बसा, एवढंच कन्नड मला सव्वीस वर्षांत पक्कं येतं. मी गप्प बसलो.

सासूबाई ओट्यावर होत्या. गाडी दाराशी लागली, ड्रायव्हरच्या बाजूने लेक उतरली आणि दुसऱ्या बाजूने मी उतरलो, हातात पिशव्या घेऊन. त्यांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग माझ्याकडे पाहत कन्नडमध्ये काहीतरी लांबलचक बोलल्या. बायकोने ओट्याचा खांब धरला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"सांग की."

ती सांगेना. तेव्हा सासूबाईच माझ्याकडे वळल्या आणि मला नीट कळावं म्हणून सावकाश मराठीत म्हणाल्या, "तिला म्हटलं, आता एकटीच येत जा. जावई आले की मला पुरण घालावं लागतं."